पन्नास मीटरची दोरी

वरसे, ता. रोहा
४ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. घरच्यांचे ओठ तुला वाचता येतात, पण ऐकू येत नाही म्हणून फोनचा उपयोग नाही, आणि टच फोनला तुझी रंगाची बोटं चालत नाहीत. म्हणून हे पत्र. हमरापूरचा पोस्टमन तुमच्या कारखान्यात चहाला थांबतो म्हणालीस, म्हणजे पोचेल.

बाबांचं तेरावं झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शाळेत रुजू झाले, ते तुला आवडलं नाही. पण घरी बसून मी काय केलं असतं? आई गेली तेव्हा निदान बाबा होते. इथे साडेसातला प्रार्थनेची घंटा होते, मग कवायत, मग तास. घंटा झाली की उभं राहायचं, एवढं मला जमतं. सगळे विचारतात, नम्रता मिस, बऱ्या आहात ना? मी हो म्हणते. ते खोटंही नाही. मला काही होतच नाही. रडू येत नाही. बाबांचा चेहरा आठवायला जावं तर त्यांच्या पायांवर वाळलेला चिखल तेवढा आठवतो.

आमच्या सेंट झिटा शाळेत सुट्टीत नवं प्रार्थनागृह झालं. सुंदर आहे, पण त्याच्या पायात मैदानाचा एक कोपरा गेला आणि शंभर मीटरच्या शर्यतीच्या खुणेचे जुने दगड उखडले गेले. टेप गेल्या वर्षीच तुटली, नवी अजून यायची आहे. महिनाअखेरीला जिल्ह्यासाठी निवड चाचणी. म्हणून येताना बाबांची मिठागराचे वाफे आखायची दोरी घेऊन आले. फडताळामागच्या खुंटीवर होती. बरोब्बर पन्नास मीटर, दोन्ही टोकांना फासा. आठवतं, मोजणीवाल्या साहेबांना बाबा म्हणायचे, "सायब, तुमची साखळी चुकंल, माजी दोरी नाय." दोनदा टाकली की शंभर. येत्या रविवारी चुन्याने आखून घेते.

डिसेंबरात माझ्या कायम होण्याचा निर्णय आहे. चार वर्षं तासिका तत्त्वावर काढली. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर ब्लँडिना म्हणतात, दहावीचा निकाल आपला चांगला लागतोच, आता खेळातही काही दिसू दे. दिसेल बहुतेक.

तुझी,
नम्रता

*

हमरापूर, ता. पेण
१३ ऑगस्ट

चि. नम्रता हिला पुतळी आत्याचे पोटभर आशीर्वाद.

चतुर्थीला चौदा दिवस राहिले आणि अजून दोनशे गणपती डोळ्यांविना बसलेत. डोळ्यांची आखणी माझ्याशिवाय कुणाला जमत नाही, असं मी म्हणत नाही, गावच म्हणतं. म्हणून पत्र थोडक्यात.

रडू येत नाही म्हणून घाबरू नकोस गो. माझं उलट झालंय. नुसता शेंदरी रंग कालवला तरी डोळे भरतात, आणि आमच्याकडे शेंदरीला काय तोटा? निकेश म्हणतो, "आय, रेघ हलतेय तुजी, जरा उठ." आईला उठवतो मेला! पण खरं आहे, एका मूर्तीचा डावा डोळा पुसून परत काढावा लागला. तुझा बाप असता तर म्हणाला असता, पुतळे, देवाला चकणा करतेस काय.

जेवतेस ना? तिथल्या वसतिगृहातल्या आमटीवर दिवस काढू नकोस. सुके बोंबील पाठवते.

आणि हे बघ, दादाची दोरी तू नेलीस ते मला ठाऊक नव्हतं. ती कामाला लावू नकोस. जुनी झालीय. खुंटीला राहू दे आणि शाळेकडून टेप घे. ऐक माझं.

तुझी आत्या,
पुतळी

*

वरसे
७ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र आलं त्याच्या आधीच मैदान आखून झालं होतं. दोरी जुनी असली तरी भक्कम आहे, काळजी करू नकोस. भावाची वस्तू चिखलात लोळू नये असं तुला वाटतं, ते समजलं. काम झाल्यावर धुऊन, वाळवून खेळाच्या खोलीत टांगली आहे.

चाचणी झाली. शाळेचे तीन विक्रम एकाच दिवशी मोडले. मुलांच्या शंभरचा, दोनशेचा, आणि मुलींच्या शंभरचा. मुलींचा तर अकरा वर्षं कुणी मोडला नव्हता. रोहिणी नावाच्या मुलीने १३.६ सेकंदांत मारला होता. यंदा नववीतली किमया १२.९ मध्ये आली. मी घड्याळ दोनदा पाहिलं. सिस्टर तर चपला सोडून मैदानात उतरल्या.

किमया रोह्याच्या पलीकडच्या डोंगरातली. घरची भातशेती, गावातली शाळा सातवीला संपते, म्हणून आजोबांनी तिला इथल्या वसतिगृहात आणून सोडलं. आजोबांचं नाव हैबतराव, पण माणूस नावाच्या उलट, दारातच उभा राहतो. पोरगी बोलत नाही, अनवाणी धावते. इंग्रजी आणि बीजगणित कच्चं. इथला नियम कडक आहे, सहामाहीत दोन विषय गेले की वसतिगृह सोडायचं. जिल्ह्यात पहिल्या तिनात येणाऱ्यांनाच तेवढी सूट. तेव्हा १२.९ च्या जोरावर मी सिस्टरांकडून तिचा संध्याकाळचा अभ्यासाचा तास सोडवून घेतला. त्या वेळात ती धावेल. एवढ्या वेळेला जिल्ह्यात पदक ठरलेलंच.

सगळे माझं अभिनंदन करतात. आनंद व्हायला हवा होता. मी हजेरीपटावर सह्या केल्या आणि खोलीवर आले.

एक काम आहे. फाटकाजवळच्या मारियामातेच्या पुतळ्याचे डोळे पावसाने पार उडालेत. सिस्टरांना कळलं की माझी आत्या गणपतींचे डोळे काढते. येशील? शिवाय विक्रमांचा फळाही रंगवायचा आहे. चतुर्थी झाली, आता हात मोकळा असेल.

नम्रता

*

हमरापूर
२३ सप्टेंबर

चि. नम्रतास आशीर्वाद.

सुखरूप पोचले. निकेश स्टेशनावर आला होता.

तुझ्या सिस्टर मला म्हणाल्या (कागदावर लिहून, बिचाऱ्या), "तुम्हाला चालेल ना?" म्हटलं, डोळे ते डोळे. पण खरं सांगू, घाम फुटला. गणपती समोरच्याकडे बघतो. कुठेही उभं राहा, तुमच्याकडेच. तीस वर्षं मी तेच काढत आले. ही बाई खाली बघते. खाली बघणारा डोळा काढायचा म्हणजे पापणी जड आणि बुबुळ अर्धंच. तीनदा पुसलं. मग तू पायरीवर बसलेली दिसलीस, मांडीतल्या डब्याकडे बघत. तशीच काढली. सिस्टरांना आवडली. तुला सांगितलं नाही, आता सांगते.

फळ्यावर त्या पोरीचं नाव ऑइल पेंटने लिहिलं, "किमया, १२.९, २०२५". रोहिणीचं पुसताना जिवावर आलं, तिनं माझं काय घोडं मारलं होतं! पोरगी मागे उभी राहून बघत होती. मी विचारलं, बरं आलंय का? तर लाजून पळाली. धावते मात्र खरी.

तुझ्या खेळाच्या खोलीत दोरी बघितली. त्यावरून काही बोलायचं होतं, पण तू जेवत होतीस, आणि चव कळत नसल्यासारखी चावत होतीस. मग राहिलं. कधीतरी सांगेन, घाईचं काही नाही.

दिवाळीला ये. पणत्या लावायच्या नाहीत यंदा, पण माणसं तर आहोत.

पुतळी

*

वरसे
१२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

अलिबागला जिल्हा स्पर्धा झाल्या. किमया सहावी आली. १३.८.

मी शेवटच्या रेघेजवळ उभी होते. ती चांगली सुटली. पाऊण अंतरापर्यंत सगळ्यांच्या बरोबर होती. मग इतर मुली पुढे गेल्या, एवढंच. आमची बाकीची मुलंही कुठेच नव्हती. सिस्टर परतीच्या बसमध्ये म्हणाल्या, "मिस, मैदान घरचं असलं की सगळेच शूर असतात." तेही मी ऐकून घेतलं.

किमयाला मी म्हटलं, "महिनाभरात तू जवळजवळ एक सेकंद हळू झालीस. एवढं कुणी हळू होतं का? सराव चुकवलास का? खरं सांग." ती मान खाली घालून उभी राहिली. मी ओरडले नाही. ओरडायचंही माझ्या अंगात नव्हतं. पण जे बोलले ते सगळ्या मुलांसमोर बोलले.

सोमवारपासून सहामाही. तिचा अभ्यास झालेला नाही. होईल कसा, तास मीच काढून घेतला होता.

दिवाळीला येत नाही. रागावू नकोस. घरात शिरले की बाबा नाहीत हे पाहावं लागेल, आणि पाहूनही मला काही झालं नाही तर काय, याची भीती वाटते.

नम्रता

*

वरसे
७ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. रागावलीस का?

निकाल लागला. किमयाचं बीजगणित गेलं आणि इंग्रजी गेलं. नियमाप्रमाणे वसतिगृह सुटलं. काल हैबतराव आले. ऑफिसच्या दारात उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मला म्हणाले, "बाय, धावनं बी गेलं, अभ्यास बी गेला. मंग हितं ठेवून काय करू? लावणी-कापणीला हाताशी तरी येल." मी म्हटलं, नववी तरी पूर्ण होऊ द्या. ते म्हणाले, "तीच नको म्हंते. सांगते, मी हळू झाले."

किमया पेटी घेऊन फाटकाकडे गेली. फळ्यावर तिचं नाव अजून आहे. सिस्टर म्हणाल्या, विक्रम तो विक्रम, राहू दे.

मी तिसऱ्या तासाला गेले. सातवीचा पीटीचा तास होता. कवायत घेतली.

नम्रता

*

हमरापूर
१२ नोव्हेंबर

नम्रता,

रागावले नव्हते. तुझं ऑक्टोबरचं पत्र महिनाभर उशाखाली आहे. रोज कागद काढायची आणि ठेवून द्यायची. आता त्या पोरीची पेटी डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहिते.

दादाला न्यायच्या दिवशी उधाणाचं पाणी रस्त्यावर होतं, आठवतं ना? सामान आणायला गेलेला निकेश वडखळला अडकून पडला. बांबू आपल्या शेजारच्या मोरूने परसातून तोडले. घरात सुतळी होती ती तिरडीच्या पायथ्याशीच संपली. डोक्याकडची बाजू बांधायची राहिली. मोरू म्हणाला, "आत्ये, कायतरी दे, पानी वाढतंय." मी खुंटीवरची दोरी काढून दिली. त्यानं कोयत्याने सात हात तोडली आणि टोकाला होता तसा फासा परत बांधून ठेवला. त्याला वाटलं, दादाची वस्तू आहे, टोक उघडं नको.

तू अंगणात समोरच उभी होतीस. बघत होतीस. मला वाटलं तुला माहीत आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा कळलं की तुझे डोळे उघडे होते, पण तुला काही दिसत नव्हतं. मग मी लिहिलं, कामाला लावू नकोस. खरं कारण लिहिलं नाही. बापाची दोरी बापाच्याच तिरडीला तोडली, हे पत्रातून कसं सांगायचं? तिथे आले तेव्हाही सांगितलं नाही. धावायच्या रेघेचा आणि त्याचा संबंध माझ्या डोक्यात तेव्हा आलाच नव्हता. तुझं "एक सेकंद हळू झाली" वाचलं तेव्हा आला. आणि तरी महिना घालवला. भ्याले गो.

सात हात म्हणजे तुमचे मीटर किती ते तू बघ. तू दोरी दोनदा टाकलीस, म्हणजे दोनदा कमी. पोरगी हळू झालेली नाही.

त्या फळ्यावरचं खोटं माझ्याच हातचं आहे. मला काय बोलायचं ते बोल.

पुतळी

*

वरसे
१७ नोव्हेंबर

आत्या,

टेप आली होती. ऑक्टोबरातच. खोक्यातून काढली नव्हती.

दोरी अंगणात ताणली. सत्तेचाळीस मीटर. शिपाई विमलबाईंना दुसरं टोक धरायला लावून पुन्हा मोजली. सत्तेचाळीस. मग मैदानावर गेले. प्रारंभाच्या रेघेपासून शेवटच्या रेघेपर्यंत चौऱ्याण्णव.

एका टोकाचा फासा बाबांचा नव्हता. बाबांची गाठ आतल्या बाजूला वळते. साडेतीन महिने मी ती दोरी हाताळली, धुतली, टांगली. कळलं नाही.

तुझ्यावर मी रागावलेली नाही. रागवायला काहीतरी उठावं लागतं आत. तीन विक्रम एका दिवशी मोडतात आणि खेळाच्या बाईला शंका येत नाही, यात तुझा काय दोष?

सिस्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "केव्हापासून माहीत आहे?" म्हटलं, शनिवारपासून. "आणि हे कायमपदाच्या आधी सांगताय." म्हटलं, हो. मग म्हणाल्या, "त्या मुलीला आपण सगळ्यांसमोर बोललो. आता हेही सगळ्यांसमोर बोला." उद्या प्रार्थनेनंतर बोलणार आहे. माझ्या कायमपदाचा कागद त्यांनी बाजूला ठेवला. कोणत्या बाजूला ते मी विचारलं नाही.

किमयाला परत घ्यायला त्या तयार आहेत, दोन विषयांची फेरपरीक्षा जानेवारीत घेऊ म्हणाल्या. हैबतरावांना पत्र लिहायचं आहे.

नम्रता

*

हमरापूर
२२ नोव्हेंबर

चि. नम्रता,

पत्र लिहू नकोस. स्वतः जा. पत्रात माणूस नको ते लिहितं आणि हवं ते ठेवतं. आपण दोघींनी बघितलं ना.

जाताना टेप घेऊन जा.

पुतळी

*

वरसे
८ डिसेंबर

प्रिय आत्या,

आज मारियामातेचा सण, शाळेला सुट्टी. तू काढलेल्या डोळ्यांसमोर मुलींनी झेंडूचे हार ठेवलेत. तिथेच पायरीवर बसून लिहिते.

तू म्हणालीस तशी गेले. एसटी डोंगराच्या पायथ्याशी सोडते, पुढे तासभर चाल. भात झोडून झालं होतं, किमया पेंढा रचत होती. मला बघून तिने हातातलं खाली टाकलं आणि घरात गेली. हैबतरावांनी पाणी दिलं. मी त्यांना सगळं सांगितलं, दोरीचं, तिरडीचं, सात हातांचं. म्हातारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमचा बाबा गेला व्हय? मला म्हाईत नव्हतं." एवढंच विचारलं. माझ्यावर चिडण्यासारखं इतकं होतं, पण त्याने तेवढंच विचारलं.

मग आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "ऐकलंस का गो? तुजी पेटी भर."

गेल्या सोमवारी ती आली. मी टेपने मैदान तिच्यासमोर पुन्हा आखलं. खरी शेवटची रेघ सहा मीटर पुढे गेली, प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांजवळ. तीन मीटर बाबांबरोबर गेले आणि माझ्या हातून त्याचे सहा झाले. तिला म्हटलं, धावायचं असेल तर धाव, नाहीतर राहू दे. ती रेघेवर जाऊन उभी राहिली.

१३.७. रोहिणीपेक्षा एक दशांश मागे.

मी घड्याळ तिला दाखवलं. म्हटलं, अलिबागला तू १३.८ धावलीस ना, अनोळखी मैदानावर, नवख्या मुलींमध्ये. चाचणीच्या दिवशी पूर्ण शंभर असते तर तेवढीच धावली असतीस. ती घड्याळाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मिस, म्हंजे मी हळू नव्हते झाले?"

"नाही."

"आज्याला मीच सांगितलेलं. की मी हळू झाले. रोज पाटे उटून शेताच्या बांधावर धावायचे. वाटायचं, पाय पहिल्यावानी होतील."

आत्या, काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी खाली बसले, त्या नव्या रेघेवरच. चुन्याने साडी भरली. पाच महिने जे आलं नव्हतं ते एकदम आलं, आवाज करून आलं. बाबांचा चेहरा दिसला, पूर्ण, दात पडलेल्या जागेसकट. अंगण दिसलं, पाणी, मोरूचा कोयता. मी तेव्हा खरंच बघत होते. सगळं माझ्या आत होतंच.

किमया घाबरली. धावत जाऊन नळाचं पाणी घेऊन आली. मला म्हणाली, "रडू नका मिस, विक्रम पुढच्या साली मारीन." तिला वाटलं मी एका दशांशासाठी रडतेय. मी तिला तसंच वाटू दिलं.

तिची संध्याकाळ आता बीजगणिताची. मीच बसते तिच्याबरोबर, मलाही पहिल्यापासून शिकावं लागतंय. माझ्या कागदाचं अजून कळलेलं नाही. फळ्यावरचं किमयाचं नाव टर्पेंटाइनने पुसलं. तुझा रंग चांगलाच पक्का होता, अर्धा दिवस गेला. रोहिणीचं नाव परत लिहायला तू ये. नाताळच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबरच घरी येईन. येताना दोरी आणते. मोरूच्या गाठीसकट ती खुंटीला राहील.

तुझी,
नम्रता